सात नंबरचा बोया

खैतान, कुवेत
शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अण्णा,

चारूचा नमस्कार. साष्टांग कागदावरच समजा, माझ्या गुडघ्यांनी हल्ली संप पुकारलाय.

फोनवर बोलायचं तर तुम्ही ‘काय? काय?’ करत शेवटी फोन सूनबाईकडे, श्वेताकडे देता आणि कानाचं यंत्र मात्र डबीत जपून ठेवता. म्हणून हे कागद. हातानं लिहून, फोटो काढून श्वेताच्या फोनवर पाठवते आहे. श्वेता, तू वाचणारच, वाच बाई, पण मग मोठ्या अक्षरात छापून अण्णांच्या हातात दे.

इकडे सगळं ठीक. ओवीची बारावी, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, त्यामुळे घरात कर्फ्यू. काही विचारलं की ‘आय नो, आई’ एवढंच उत्तर. आलोक कामात. वारा सुटलाय आठवडाभर, दारंखिडक्या बंद ठेवूनसुद्धा ओट्यावर वाळू येते. एकोणीस जानेवारीच्या तुमच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी तिघांची तिकिटं काढली आहेत. राजन म्हणाला मांडव घालायचा. घाला. एक्क्याऐंशी वर्षं काय रोज होतात?

आता एक ऑफिसचं काम आहे. तुम्ही चौतीस वर्षं दीपगृहाच्या बत्तीवर काढलीत, तुमच्याशिवाय कोणाला विचारू?

तुम्हाला माहीत आहे, मी ज्या कंपनीत कागदपत्रं सांभाळते, तिच्याकडे बंदराच्या वाटेवरचे तरंगते बोये सांभाळायचं कंत्राट आहे. दिवे बदलणं, साखळ्या तपासणं, रंग देणं. त्या कराराची जुनी प्रत परवा उघडली आणि मी उडालेच. बत्तीच्या खोलीत भिंतीवर इंग्रजांच्या वेळच्या कायद्याची जी पाटी होती ना, जी तुम्ही मला आणि राजनला परवचा म्हणून पाठ करायला लावायचात, तेच वाक्य! जो कोणी जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणानं दीपगृहाला, बोयाला किंवा खुणेला इजा करील, त्याला नाव बांधील, त्यावर आदळेल... इंग्रज इकडूनही गेले, पण वाक्य कोणीतरी उतरवून ठेवलं. तिकडे म्हणे आता तो कायदाही बदलला. वाचताना तुमचाच आवाज कानात आला.

पुढचं नीट आठवत नाही. विचारायचं असं, की समजा कोणाकडून चुकून बोयाला इजा झाली. मुद्दाम नाही. आणि तो दुरुस्तच करणार होता, एक-दोन दिवसांत, स्वतःच. म्हणून त्यानं कळवलं नाही. तर त्याला कायदा काय म्हणतो?

झालं काय, की सात नंबरच्या बोयाचा दिवा फुटला. दिव्याभोवतीचा लोखंडी पिंजरा एका बाजूनं बाहेर वाकलाय, काच गेली. गेल्या रविवारी दिवेलागणीला एक मासेमारीची लाँच त्या वाटेनं परत येत होती. दिवा दिसला नाही, वळण चुकलं, खडकावर चढली. लाँच हाकणारा तांडेल आपल्याकडचा निघाला, हर्णैचा, हनीफ सोलकर. मांडीचं हाड मोडलंय, हॉस्पिटलात आहे. कंपनी म्हणते, ह्याच्याच लाँचनं आधी बोयाला धडक दिली, मग दिवा गेला. तो म्हणतो नाही. त्याला हिंदी जेमतेम, इंग्रजी-अरबी नाहीच. त्यामुळे बुधवारी त्याचा जबाब घ्यायला साहेब मला घेऊन गेले. तो मराठीत बोलला, मी इंग्रजीत सांगितलं, आमच्या इजिप्तच्या क्लार्कनं अरबीत लिहिलं. झालं.

बिचारा सारखा माझ्याकडे बघत होता.

तुमचं बीपी तपासता ना? मेथीचे लाडू खाता की नातवाला देता? हे पत्र लिहिताना मी तीनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले. वय होतंय, दुसरं काय.

उत्तर लवकर लिहा.

तुमची,
चारू


खैतान
शुक्रवार, २९ नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णा,

हे पत्र फोनवरून नाही. आमच्या मजल्यावरची लीना नर्स आहे, चिपळूणची. ती उद्या सुट्टीवर निघाली. तिच्या हातात बंद पाकीट देते आहे आणि सांगते आहे की फक्त अण्णांना दे. श्वेताला वाईट वाटू देऊ नका.

तुमचं उत्तर आलं. अर्धं पान! मी चार पानं लिहिली, मेथीच्या लाडवांचं विचारलं, आणि तुम्ही अर्ध्या पानात कायदा लिहून मोकळे. ‘चुकून झालेल्या इजेला दंड किरकोळ असतो. न कळवणं हा मोठा गुन्हा, कारण तेवढ्या वेळात मागून येणाऱ्या प्रत्येक नावेला धोका असतो.’ बरं. आणि खाली ती एक ओळ: ‘पिंजरा बाहेर वाकला असेल तर धडक नव्हे. धडकेनं तो आत दबतो. बाहेर वाकतो तो ओढल्यानं. दोर कोणाचा होता?’

अण्णा, मी दोराचा शब्द लिहिलाच नव्हता.

पत्र वाचलं तेव्हा ऑफिसच्या पँट्रीत होते. चहा सांडला. इतका राग आला तुमचा! वाटलं, माणूस बत्तीवरून उतरला, बत्ती काही माणसातून उतरली नाही. मामाच्या वेळीही हेच केलंत. मामाची होडी बोयाला बांधलेली दुर्बिणीतून दिसली, बोयाची साखळी तुटली, आणि तुम्ही सख्ख्या मेव्हण्याचं नाव वहीत लिहिलंत, वर कळवलंत. त्याचा परवाना गेला. आईचं माहेर तुटलं, ते तुटलंच. भाऊबीजेला ती पाट मांडून बसायची आणि मग स्वतःच उचलून ठेवायची, ते मी पाहिलंय. तिच्या दहाव्याला मी तुम्हाला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की तुम्हाला माणसांपेक्षा बोये जवळचे. त्यानंतर आपण बोलतो ते बीपीचं आणि लाडवांचं.

असो. मी तुमच्यावर ओरडून घेते आहे, कारण दुसरं सांगायचंय ते सांगवत नाही.

बोट आमची होती.

आमची म्हणजे कंपनीची, पांढरी, लहान. आलोक कंपनीच्या बोटींच्या इंजिनांचं बघतो. महिन्यातून एका शुक्रवारी ‘इंजिन टेस्ट’ असते. टेस्ट कसली, सगळेच सुपरवायझर घरच्यांना फिरवून आणतात. लेखी परवानगी नसते, पण सगळ्यांना माहीत असतं. आठ तारखेला आम्ही तिघं गेलो. ओवी पुस्तकातून डोकं काढून हसत होती, किती दिवसांनी. गळ टाकले. काही लागेना. मग बोट सात नंबरच्या बोयाला बांधली गेली. बोयाखाली हामूर बसतो, आपल्याकडेही बोयाखाली मासा बसतोच. दोन लागलेही. मग अचानक वारा फिरला, लाटा उठल्या, गाठ आवळली ती सुटेना. आलोकनं इंजिन जोरात दिलं आणि कडाड् करून पिंजरा वाकला, काच फुटली. मासे कापायच्या सुरीनं दोर कापला आणि आलो परत.

आलोक म्हणाला, ‘उद्या सकाळी जातो आणि दिवा बदलून टाकतो. स्टोअरमध्ये पडलाय. कोणाला कळायचंही नाही.’ आमच्या कंपनीचंच काम ते. कळवलं असतं तर बोट का नेली इथून सुरुवात. दोघांची नोकरी एकाच कंपनीत, दोघांचा इकामा तिच्यावर, नोकरी गेली की राहायचा परवाना गेला. आणि ओवीची परीक्षा तोंडावर. शनिवारी वारा इतका, की एकही बोट सोडली नाही. रविवारीही नाही. रविवारी संध्याकाळी हनीफभाई त्या वाटेनं आले.

दोर कोणी बांधला, कोणी सोडला, याला आता काय अर्थ आहे? तिघं होतो, तिघांचं आहे ते.

काल हर्णैहून रबियाचा फोन आला, हनीफभाईंच्या बायकोचा. माझा नंबर तिला कुठून मिळाला कोण जाणे. म्हणाली, ‘बाई, तुम्ही आपल्याकडच्या म्हणून करत्ये फोन. त्यांचा पासपोर्ट ठेवून घेतलाय. बोया मोडला नि गप बसले म्हणतात. बावीस वर्सं दर्यावर काढली त्यांनी, बोयाला कधी दोर लावला नाय. त्यांनी सांगितलान ना तुम्हाला सगळं? मग तुम्ही बरोबर लिवलंत ना?’

मी म्हटलं, हो, बरोबर लिहिलं.

फोन ठेवला आणि बाथरूमचा नळ सोडून बसले. ओवी दार वाजवत होती. ‘आई, आर यू ओके?’ म्हटलं, हो. माझं हल्ली सगळ्यांना हो असतं.

आलोक म्हणतो, आता बोलून काय होणार, त्यांचा पाय का जोडला जाणार आहे? विम्यातून सुटेल सगळं, दोन-तीन महिने जाऊ देत, ओवीची परीक्षा होऊ दे. तो वाईट माणूस नाही, अण्णा. त्यालाही रात्री झोप नाही, हे मला कळतं, कारण मीही जागीच असते.

काय करू, ते लिहू नका. तुम्ही काय लिहाल ते मला माहीत आहे.

चारू


खैतान
गुरुवार, १२ डिसेंबर

तीर्थरूप अण्णा,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. हे कुरियरनं येईल.

गेल्या पत्रात ‘बोट बांधली गेली’ असं लिहिलंय. ती कोणी बांधली ते तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. मी बांधली. आलोक नाशिकचा, त्याला बोयाखालचे मासे काय माहीत? त्याला मीच म्हटलं, ‘तिकडे घे, बोयाखाली मासा बसतो, गंमत बघ.’ पुढे वाकून पिंजऱ्यातून दोर ओवला आणि तुम्ही शिकवलेली गाठ मारली. ओवीला दाखवून दाखवून मारली, बघ तुझी आई बत्तीवाल्याची मुलगी आहे. पाटी पाठ असलेली त्या अख्ख्या बोटीवर मी एकटी होते.

हे अर्धंच. दुसरं अर्धं मी गेल्या पत्रातही गिळलं. आता लिहिते.

आम्ही बांधून बसलो होतो तेव्हा एक लाँच जवळून गेली. सुकाणूवरच्या माणसानं हात केला. मीही केला. समुद्रावर करतातच हात.

मग त्या बुधवारी हॉस्पिटलात जबाब घेताना हनीफभाई थांबून थांबून बोलत होते, मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते. ते म्हणाले, ‘शुक्रवारी मी पाहिलं, त्या बोयाला एक पांढरी बोट बांधलेली होती. तीन माणसं होती.’ एवढं बोलून थांबले, माझ्याकडे बघत.

मी ते वाक्य सांगितलं नाही.

साहेबांनी विचारलं, काय म्हणतो? मी म्हटलं, पाय दुखतोय म्हणतो. आणि पुढच्या वाक्याला गेले. जबाबाखाली त्यांनी अंगठ्याशेजारी सही केली, भाषांतर बरोबर आहे म्हणून मी केली.

माझं तोंड त्या क्षणी कसं चाललं, मला अजून कळत नाही. ठरवून केलं नाही, एवढंच म्हणू शकते, आणि त्यानं काही फरक पडत नाही हेही मला ठाऊक आहे.

रबियाच्या फोननंतर आठ-दहा दिवस मी ऑफिसात जात होते, येत होते, डबा न खाता परत आणत होते. सोमवारी घरात कोणी नसताना उठले, टॅक्सी केली आणि थेट हॉस्पिटलात गेले. हनीफभाई खाटेवर, पायाला वजन लटकवलेलं. मी खुर्चीवर बसलेसुद्धा नाही. म्हटलं, ‘तुमचं एक वाक्य मी गाळलं. पांढऱ्या बोटीचं.’

ते म्हणाले, ‘ठाव हाय मला. मी एवढं बोललो नि तुम्ही इतकंसं सांगितलंत.’ मग म्हणाले, ‘त्या दिवशी हात केलात तो तुम्हीच ना बाई?’

अण्णा, ते मला ओळखूनच बोलले होते! आधीच ओळखलं होतं, आणि तरी ‘तुमची बोट’ म्हणाले नाहीत, ‘एक पांढरी बोट’ म्हणाले.

मी रडत विचारलं, मग परत का नाही सांगितलंत? महिना होत आला! कोणालाही सांगायचंत!

म्हणाले, ‘कोणाला सांगणार? जे सांगीन ते तुमच्याच तोंडातून जाणार होतं.’

रागानं नाही म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढा मोठा माणूस, मोडका पाय घेऊन, माझ्या तोंडाची वाट बघत महिनाभर पडून होता.

घरी येऊन आलोकला आणि ओवीला समोर बसवून सांगितलं. गाळलेल्या वाक्याचं त्यांनाही माहीत नव्हतं. आलोक उठून गॅलरीत गेला. ओवी माझ्याकडे बघत राहिली आणि चक्क मराठीत म्हणाली, ‘हे लपवणं माझ्या परीक्षेच्या नावावर नको लावूस, आई.’ मला काय म्हणायचंय ते त्या पोरीनं एका वाक्यात सांगितलं.

बुधवारी सकाळी मी पर्स घेऊन निघाले, तर आलोक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. म्हणाला, ‘इंजिन मी दिलं होतं. चल.’

आधी कंपनीत सांगितलं, मग चौकशीच्या ऑफिसात. या वेळी दुभाषा त्यांचा होता, केरळचा एक वयस्कर माणूस, हिंदीतून. मी एकेक वाक्य बोलत होते आणि त्यानं सगळं सांगितलं की नाही, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत होते. माझीच मला लाज वाटली. दोर कोणी बांधला या प्रश्नाला मी ‘मी’ म्हटलं, तर अधिकाऱ्याला पटेना. त्यानं आलोककडे बघून पुन्हा विचारलं. नवऱ्याला वाचवतेय असं वाटलं असेल. मग मी गळ्यातली ओढणी काढली आणि टेबलाच्या पायाला गाठ मारून दाखवली. त्यानं ती ओढून पाहिली. लिहून घेतलं.

हनीफभाईंचा जबाब उद्या परत घेणार आहेत, दुसऱ्या दुभाष्याकडून. त्यांच्यावरचं बालंट जाईल, पासपोर्ट लवकरच हातात येईल, असं आमचा वकील म्हणाला. पाय मात्र आखूड होणार, डॉक्टरांनी सांगितलंय. ते माझ्याकडून कशानंही भरून निघणार नाही. रबियाला मी फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. बरोबरच केलं तिनं.

आम्हा दोघांना कंपनीनं घरी बसवलंय. परीक्षेपर्यंत इकामा टिकेल असं वाटतं, पुढचं माहीत नाही. खटला संपेपर्यंत आलोकला आणि मला देशाबाहेर जायला बंदी आहे.

मामाचं वाचून तुम्हाला त्रास झाला असेल. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला होडी दिसली, परवाना दिसला, आईचा पाट दिसला. त्या तुटलेल्या बोयाच्या मागून रात्री कोण येणार होतं, ते मला तेव्हा दिसलं नाही. तुम्हाला दिसत होतं. एवढं कळायला मला पन्नाशी गाठावी लागली आणि एका माणसाचा पाय जावा लागला. दहाव्याला बोलले ते मी परत घेते, अण्णा. आईचं दुःख मात्र परत घेत नाही, ते खरंच होतं.

तर एकोणीस जानेवारीला मी येणार नाही. तिकिटं रद्द केली. ओवीलाही एकटीला पाठवत नाही, ती नकोच म्हणाली.

मांडवात लोक विचारतील, मुलगी का नाही आली. श्वेता चांगली आहे, ती पटकन म्हणेल, रजा मिळाली नाही. तिला तसं म्हणू देऊ नका. तुम्हाला ऐकू येत नसलं तरी बोलता येतं. मामाच्या मुलीला, रेखाला मी काल फोन केला, तुम्हाला न विचारता. एकेचाळीस वर्षांनी आपल्या घरी येईन म्हणाली. तिला पुढे बसवा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा: माझ्या मुलीनं बोया मोडला आणि तेहेतीस दिवस ते लपवलं.

पत्राखाली ‘आज्ञाधारक’ लिहायला तुम्हीच शिकवलं होतं. या वेळी लिहीत नाही.

तुमचीच,
चारुशीला